गप्प राहणारी माणसं



मागच्या अंकात मी गुडघ्यांबद्दल लिहिलं होतं. फोन पुष्कळ आले, पण लेख कसा वाटला ते एकानेही सांगितलं नाही. सगळ्यांनी आपापले गुडघेच सांगितले. म्हणून या खेपेस दुखण्यांना सुट्टी देते आणि टी.व्ही.बद्दल लिहिते. तेही कोरियन सिरियलींबद्दल. "सिस्टर, या वयात?" असं कोणी म्हणू नये. दुपारची जेवणं आटोपली की आपल्यातल्या कितीजणी पडदे ओढून काय बघत बसतात, ते मला पक्कं ठाऊक आहे. मुलांनो, तुम्हीही वाचा. कारण तुमच्याच वयाच्या एका मुलीने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर द्यायला मला फार दिवस लागले, ती हकिकत यात आहे.

आपल्या इथे विवा वाहिनीवर २००६ साली 'माय लव्हली सॅम सून' नावाची कोरियन सिरियल लागली होती. शेजारणी तिच्याबद्दल बोलायच्या. मी तेव्हा नोकरीत होते. नाइट ड्युटी करून आलं की उशीला डोकं टेकायचं, एवढंच सुचायचं. त्या सिरियलीत ह्युन बिन नावाचा देखणा मुलगा होता म्हणे. मला तो दिसला थेट करोनात, २०२० साली, 'क्रॅश लँडिंग ऑन यू'मध्ये. धाकटी नात आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. शाळा बंद, बाहेर जायला बंदी, मग ती वर यायची आणि टी.व्ही. लावायची. खाली हिब्रू अक्षरं धावायची. मला ती वाचता वाचता चित्र बघायचं राहून जायचं आणि चित्र बघायला गेलं तर अक्षरं पळायची.

त्या सिरियलीतली गोष्ट तशी अचाटच आहे. दक्षिण कोरियातली एक श्रीमंत बाई छत्री बांधून उडत असताना वादळात सापडते आणि उत्तर कोरियात जाऊन पडते. तिकडचा एक लष्करी अधिकारी तिला घरात लपवून ठेवतो. पुढे काय होणार ते मला पहिल्याच दिवशी कळलं. पण एक प्रसंग मात्र लक्षात राहिला. ती बाई अनोळखी बाजारात चुकते. अंधार झालेला, ती घाबरलेली. तेवढ्यात गर्दीच्या डोक्यांवरून एक हात वर आलेला दिसतो आणि त्या हातात पेटलेली मेणबत्ती. तिने आधी त्याच्याकडे वासाची मेणबत्ती मागितली होती आणि त्याने साधीच आणली होती. या वेळी वासाची आहे. तो फारसं काही बोलत नाही. धावत येत नाही, मिठी मारत नाही. मी म्हटलं, "हा मुलगा काही बोलत का नाही?" नात म्हणाली, "सावता, तू मेणबत्ती बघ ना."

११ वर्षांच्या मुलीने मला शिकवलं, कुठे बघायचं ते.

आता खरं सांगायचं तर, कुठे बघायचं हे मला आधीच ठाऊक असायला हवं होतं. मी ३८ वर्षं नर्सचं काम केलं आणि त्यातली बरीच वर्षं तातडीच्या विभागात. तिथे नव्या मुलींना पहिली गोष्ट शिकवतात ती अशी : दारातून चार जखमी एकदम आले तर जो ओरडतोय त्याच्याकडे आधी धावू नका. ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, तो शुद्धीवर आहे. कोपऱ्यात जो गप्प पडलाय, त्याच्याकडे आधी जा.

पुढे वॉर्डात काम करताना मला गप्प माणसं वाचायची सवयच लागली. दुखणं लपवणारा माणूस कसा ओळखायचा? तो गिळतो. घशाची घाटी वर-खाली होते. श्वास वरच्यावर, छातीच्या वरच्या भागात अडकलेला असतो. बोटं चादरीचा काठ धरतात. "कसं वाटतंय?" विचारलं तर एका शब्दात उत्तर, "बरं", आणि नजर खिडकीकडे. मी नातेवाइकांचं ऐकायचे, पण बघायचे मात्र चादरीकडे.

आणि या कोरियन सिरियलींमधले चांगले नट-नट्या नेमकं हेच करतात. आपल्या ओळखीच्या सिरियलींमध्ये वाईट बातमी आली की बाई आधी किंचाळते, मग ढोल वाजतो, मग कॅमेरा तिच्या तोंडावर तीनदा आपटतो, आणि एवढं झाल्यावर शेजारच्या सात माणसांची तोंडं एकेक करून दाखवतात. इथे तसं नाही. बातमी आली की नट रडत नाही, रडू आवरतो. डोळ्यांच्या कडा लाल होतात, हनुवटी जराशी हलते, तो गिळतो आणि म्हणतो, "जेवून घे, निवतंय." संगीत थांबलेलं असतं. कॅमेरा हलत नाही, त्याच्या चेहऱ्यावर बसून राहतो. आपण वाट बघतो, आता रडेल, आता रडेल. तो उठून भांडी घासायला लागतो. मग रडतो कोण? मी नव्हे हो, माझी नात. मला डोळ्यांच्या कोरडेपणाचा त्रास आहे. त्याबद्दल पुढे येईलच.

हे काही कोरियन लोकांनीच शोधून काढलंय असंही नाही. 'बंदिनी' सिनेमा १९६३ सालचा. मुंबईला मावशीकडे गेले असताना पाहिला होता. त्यात नूतन एक भयंकर गोष्ट करायचं ठरवते तो प्रसंग आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. बाहेर लोखंडाचं काम चाललेलं, घणाचे आवाज, ठिणग्यांचा उजेड तिच्या तोंडावर येतो आणि जातो. ती एक शब्द बोलत नाही. नंतर कितीतरी दिवस डोळ्यांपुढून तो चेहरा गेला नाही. बिमल रॉय यांच्यासारखा दिग्दर्शक असला की तोही कॅमेरा असा थांबवायचा. कोरियन सिरियलींचं बरं एवढंच की त्या बऱ्याचदा १६ भागांत संपतात आणि पुष्कळदा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच लेखकाने लिहिलेल्या असतात. गोष्ट कुठे जाणार ते ठरलेलं. म्हणून एका चेहऱ्यावर थांबायला त्यांना वेळ असतो. हजार भाग ओढायचे असले की मग ढोल लागतो.

पण मुलांनो, सगळ्याच कोरियन सिरियली अशा शहाण्या आहेत असं समजू नका. तिकडे आरडाओरडा, थोबाडीत मारणं, कोण कोणाचा खरा मुलगा अशा सिरियलींचंही पीक आहे. २०१४ सालच्या एका सिरियलीत तर एक बाई एका माणसाच्या तोंडावर किमचीनेच थप्पड मारते. किमची म्हणजे त्यांची आंबवलेली तिखट कोबी. अख्खं पान फाडकन् तोंडावर! ते दृश्य जगभर लोकांनी हसून हसून पाहिलं. माझ्या नातीने मला ते सहा वेळा दाखवलं. आणि खऱ्या आयुष्यात कोरियन माणसं रडत नाहीत असंही नाही. त्यांच्याकडे जुन्या रीतीप्रमाणे मयतीला "आयगो, आयगो" करून मोठ्याने रडतात. आपल्या कोकणातही बायका गळ्यात गळे घालून रडत, ते मी लहानपणी पाहिलंय. तेव्हा हा स्वभावाचा नाही, एका तऱ्हेच्या अभिनयाचा प्रश्न आहे, एवढं लक्षात ठेवून पुढे वाचा.

माझी सगळ्यात आवडती सिरियल 'माय मिस्टर', २०१८ सालची. लेखिका पार्क हे-यंग, दिग्दर्शक किम वॉन-सॉक. इंग्रजी नाव मला मुळीच पसंत नाही. कोरियन नावात 'आजॉशी' हा शब्द आहे. रस्त्यात भेटलेल्या, नात्यात नसलेल्या मध्यमवयीन माणसाला जी हाक मारतात ती. इंग्रजीत तिचा मिस्टर झाला आणि सगळा जीव गेला. आपल्या मराठीत तिला सरळ शब्द आहे, काका.

तर हे काका इमारतींची मजबुती तपासणारे इंजिनिअर. कुठे तडा गेलाय ते बघणं त्यांचं काम. त्यांच्या स्वतःच्या घरात मोठा तडा गेलाय, तो त्यांना कळतो, आणि ते कोणालाच काही सांगत नाहीत. आईला नाही, भावांना नाही. रोज कामावर जातात. ली सन-क्युन या नटाने हे काम केलंय. त्याचा आवाज खर्जातला, जाड. तो वाक्याचा शेवट जवळजवळ गिळूनच टाकतो. 'पॅरासाइट' सिनेमातला श्रीमंत बाप तोच. २०२३ च्या डिसेंबरात, वयाच्या ४८ व्या वर्षी तो वारला. त्यानंतर मी ही सिरियल दुसऱ्यांदा पाहिली. तेव्हा काही ठिकाणी मला बंद करून उठावं लागलं.

त्याच ऑफिसात एक तरुण मुलगी तात्पुरत्या नोकरीवर असते. आय यू या गायिकेने ती केलीय, मुलांना माहीत असेल. मुलीच्या डोक्यावर कर्ज, घरी अंथरुणाला खिळलेली, ऐकू-बोलू न येणारी आजी. ही मुलगी ऑफिसातली कॉफीची पुडकी चोरून आणते आणि रात्री जेवणाऐवजी दोन पुडकी एका कपात घालून पिते. तिच्या तोंडावरची माशी हलत नाही. पहिले तीन भाग मला वाटलं, ह्या पोरीला अभिनय येतच नाही. मग लक्षात आलं, लहानपणापासून मार खाल्लेल्या मुलाचा चेहरा असाच असतो. असे चेहरे मी पाहिलेत. त्यांना सुई टोचली तरी ती मुलं रडत नाहीत. आणि त्या मुलांचीच काळजी करायची असते.

एका रात्री आजीला चंद्र दाखवायचा म्हणून ती मुलगी तिला दुकानातल्या सामानाच्या ढकलगाडीत बसवून रस्त्याने नेते. काका बघतात. काही विचारत नाहीत. पायऱ्या आल्या की म्हातारीला पाठीवर घेतात. एवढंच. (म्हातारीचं काम करणाऱ्या सॉन सुक ह्या रंगभूमीवरच्या मोठ्या नटी. १९९९ साली थोड्या दिवसांसाठी पर्यावरण खात्याच्या मंत्रीही झाल्या होत्या. सिरियलीत एक शब्द न बोलता त्या सगळं बोलतात.)

पण मला सगळ्यात भावला तो दुसराच प्रसंग. तुम्हाला कदाचित कंटाळवाणा वाटेल. काका त्या मुलीला सांगतात की नातीवर आजीला पोसायची कायद्याने जबाबदारी नाही, तू तुझी नोंद वेगळी कर, म्हणजे आजीला सरकारी खर्चाने शुश्रूषागृहात ठेवता येईल. आणि विचारतात, हे तुला आजवर कोणीच सांगितलं नाही? त्या मुलीचा चेहरा बघावा. खरंच, कोणीच सांगितलं नव्हतं. वाचकहो, मी तुम्हाला माझ्या अनुभवाने सांगते, माणसावर माया करायची ही सगळ्यात मोठी तऱ्हा आहे. अमुक फॉर्म भर, तमुक खिडकीवर जा. नवीन आलो तेव्हा आपल्यापैकी किती जणांना असं सांगणारं कोणी भेटलं?

पुढे काका एकदाच संतापतात. त्या मुलीला छळणाऱ्या सावकाराशी मारामारी करतात, त्यात तिच्या लहानपणीची एक भयंकर गोष्ट त्यांना कळते, आणि तरीही ते ओरडून तिचीच बाजू घेतात. ती कानात यंत्र घालून दुसरीकडे रस्त्यावर हे सगळं ऐकत असते. ती मटकन खाली बसते आणि हुंदके देऊन रडते. आठ-नऊ भाग जिच्या तोंडावरची माशी हलली नाही, ती. पहिल्याच भागात रडली असती तर मला काही वाटलं नसतं.

इथे एक गंमत सांगते, ती फक्त आपल्यालाच कळेल. कोरियन भाषेत आपल्यासारखंच तू, तुम्ही आहे. म्हणजे शब्द वेगळे, पण वाक्याच्या शेवटी क्रियापद बदलतं. आदराने बोलताना शेवटी बऱ्याचदा 'यो' लागतो, जवळच्याशी किंवा लहानांशी बोलताना तो गळतो. आता हिब्रूत सगळ्यांनाच 'अता'. मी १९६९ साली अलिबागहून इथे आले तेव्हा शिकाऊ नर्स मोठ्या सर्जनला नावाने हाक मारते हे ऐकून माझ्या हातातला ट्रे पडायचा बाकी होता. त्यामुळे खाली जी हिब्रू अक्षरं धावतात त्यात ही गोष्ट साफ गळून जाते. दोन माणसं दहा भाग 'यो' लावून बोलतात आणि अकराव्या भागात एकाच्या तोंडून तो 'यो' निसटतो. कोणी कोणाचा हात धरत नाही, काही नाही. पण जो 'अहो'चा 'अगं' झालेला ऐकत मोठा झालाय, त्याच्या अंगावर काटा येतो. नातीला मी हे समजावलं. आता ती 'यो' मोजत बसते.

मुलांनो, तुमच्यासाठी आणखी थोडं. कोरियनमध्ये बाबांना म्हणतात 'आप्पा'. हिब्रूत 'अब्बा', आणि आपल्याकडे कोकणात कितीतरी घरांत वडलांना 'आप्पा'च म्हणत. आईला म्हणतात 'ऑम्मा', हिब्रूत 'इम्मा'. आणि 'ने' म्हणजे हो! मी किती दिवस समजत होते की ही सगळी माणसं 'नाही, नाही' म्हणतात आणि मग सांगितलेलं काम करतात. शिवाय भेटल्यावर एकमेकांना विचारतात, जेवलास का? अलिबागला आमच्या आळीत दुसरं काय विचारायचे?

आता मूळ गोष्टीवर येते.

२०२२ साली 'आवर ब्लूज' आली. २० भाग, लेखिका नो ही-क्युंग, गोष्ट जेजू बेटावरची. त्यात किम हे-जा ही नटी आहे. जन्म १९४१ चा, म्हणजे ते काम केलं तेव्हा ८० वर्षांची. 'जॉनवॉन इल्गी' नावाची खेड्यातल्या कुटुंबाची सिरियल तिकडे १९८० पासून २००२ पर्यंत चालली, १०८८ भाग. तिच्यात ही आईचं काम करायची. त्यामुळे सगळा देश तिला आईच म्हणतो. 'आवर ब्लूज'मध्येही ती आईच आहे, पण अशी आई की मुलगा तिच्याशी बोलत नाही. मुलाचं काम ली ब्युंग-हुनने केलंय.

तिचा नवरा समुद्रात गेला, मुलगीही समुद्रात गेली. मग ती लहान मुलाला घेऊन दुसऱ्या एका माणसाच्या घरात राहायला गेली, त्याची बायको जिवंत असताना. आणि मुलाला म्हणाली, आजपासून मला आई म्हणायचं नाही, धाकटी आई म्हणायचं. त्या घरातली मोठी मुलं ह्याला मारायची. आई बघायची आणि गप्प राहायची. आता मुलगा चाळिशीचा, ट्रकमधून कपडे विकत बेटभर हिंडतो. आईला कॅन्सर झालाय, ती औषध घेत नाही. मरायच्या आधी ती त्याला म्हणते, मला अमुक ठिकाणी ने, तमुक ठिकाणी ने. तो चिडत, आदळआपट करत नेतो. वाटेत एकदा विचारतो, तुला कधी माझ्याबद्दल वाईट वाटलं का? ती सरळ उत्तर देत नाही. स्वतःलाच वेडी म्हणते. किम हे-जाचे डोळे त्या वेळी कुठे बघतात ते बघा. मुलाकडे नाही आणि खालीही नाही.

तिला डोंगराच्या माथ्यावर जायचं असतं, पण पाय चालत नाहीत. मग मुलगा एकटाच बर्फात चढत जातो आणि फोनवर चित्रण करून आणतो. शेवटच्या भागात तो एका सकाळी तिच्या घरी येतो. टेबलावर जेवण झाकून ठेवलेलं, त्याच्या आवडीची सोयाबीनच्या पेस्टची आमटी. तो जेवतो, मग आत जाऊन बघतो. ती झोपलीय असं वाटतं. झोपलेली नसते. तेव्हा तो तिला कवटाळून रडतो. सगळा राग, सगळं.

नात उशीत तोंड खुपसून रडत होती. ती तेव्हा १३ वर्षांची. मी चष्मा पुसत होते. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि हिब्रूत, म्हणजे सरळच विचारलं, "सावता, सबा गेला तेव्हाही तू रडली नव्हतीस. तुला वाईट नव्हतं वाटलं?"

मी म्हटलं, "मला डोळ्यांचा कोरडेपणा आहे. डॉक्टरांनी थेंब दिलेत."

हे खोटं नव्हतं. थेंब आजही फ्रिजच्या दारात आहेत. पण ते उत्तरही नव्हतं, आणि तिला ते कळलं. ती खाली निघून गेली.

आमचे हे गेले २०१७ साली. शिव्याचे सात दिवस घरात माणसांची रीघ होती. मी खुर्च्या मोजत होते, कोणाला साखर चालत नाही ते लक्षात ठेवत होते, यांच्या बहिणीचा रक्तदाब तपासत होते. लोक म्हणाले, सिस्टर किती खंबीर. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? कोपऱ्यात आठ वर्षांची नात बसून हे सगळं बघत होती, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

नातीने हा प्रश्न आपल्या आईला सांगितला. माझी मुलगी दुसऱ्या दिवशी वर आली. ती बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "आई, मलाही तुला एकदा विचारायचं होतं. त्या बरणीबद्दल." मी म्हटलं, "कुठली बरणी?"

१९८३ सालची गोष्ट. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. माझी आई अलिबागला वारली. भावाचं पत्र आलं तोवर मातीला दहा दिवस होऊन गेले होते. पत्र मी ड्युटीला निघताना पेटीतून काढलं आणि वॉर्डातल्या चादरींच्या खोलीत उभ्याने वाचलं. मग आठची औषधं वाटली. आमच्या चार्ज नर्सला मी काही सांगितलं नाही. घरीही ह्यांना दोन दिवसांनी सांगितलं. हे मला सगळं आठवतं. पण त्याच आठवड्यात मुलीच्या हातून लोणच्याची बरणी पडून फुटली होती, आईने अलिबागहून पाठवलेली. मी वाकून काचा गोळा केल्या आणि एक शब्दही बोलले नाही. पोरीला वाटलं, बरणी फोडली म्हणून आई बोलायची थांबली. आठवडाभर ती शाळेतून आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, मी काही बोलते का बघायला. आजी गेल्याचं तिला नंतर कळलं, पण बरणीचं तिच्या मनातून गेलं नाही. जवळजवळ ४० वर्षं.

आणि मला ती बरणी आठवतही नाही. मी रागावले नव्हते. मला दिसलंच नव्हतं काही.

त्या दिवसापासून मी ह्या सिरियली जरा वेगळ्या नजरेने बघते. किम हे-जा एकटी आमटी ढवळत असते तेव्हा कॅमेरा तिच्याजवळ असतो. तिचे हात आपल्याला दिसतात, म्हणून आपण तिला माफ करतो. मुलाला ते हात दिसत नाहीत. तो ट्रकमध्ये आहे, त्याला फक्त एक गप्प बाई दिसते. काकांचंही तेच. शेवटच्या भागात ते रिकाम्या घरात एकटे असताना एकदम रडायला लागतात, ते आपण बघतो, त्यांच्या घरचं कोणी बघत नाही. चादरींच्या खोलीत माझ्यापुढे कुठे कॅमेरा होता? मुलांनो, घरातलं मोठं माणूस एकाएकी गप्प झालं तर ते तुमच्यावरच रागावलंय असं धरून चालू नका. विचारा. माझ्या नातीने विचारलं तसं, हवं तर हिब्रूत.

तिला उत्तर दिलं ते तीन-चार आठवड्यांनी. शुक्रवारची सकाळ होती. मी माझ्या गोळ्यांचा डबा भरत होते. सात दिवसांचे खण, सकाळ आणि रात्र वेगळी. ती आली आणि समोर बसली. मी म्हटलं, तुला एक सांगते. सबाचा असाच डबा होता, निळा. दर शुक्रवारी शब्बात लागायच्या आधी मी तो भरायचे. तो गेला, शिवा उठला, आणि पुढच्या शुक्रवारी मी तो डबा काढून सगळा भरला. चौदाही खण. झाकणं लावली. मग लक्षात आलं, हे कोणासाठी. तशीच बसून राहिले. दुपारी तुझी आई जेवायला बोलवायला आली तेव्हा मी तो टॉवेलखाली झाकला. ह्याबद्दल मी कोणाला बोलले नाही.

नात काही बोलली नाही. तिने माझ्या हातातला डबा ओढून घेतला आणि चिठ्ठी बघून स्वतःच गोळ्या घालायला लागली. रविवार, सोमवार, मंगळवार, मोठ्याने म्हणत. लघवीची गोळी तिने रात्रीच्या खणात टाकली. मी म्हटलं, "ती सकाळची गं. नाहीतर रात्रभर उठत बसेन मी." मग तिने सातही खणांतून ती एकेक करून काढली आणि पुन्हा रविवारपासून सुरुवात केली.